गाण्याला जागा लागते का?

यंदाच्या होळीला आम्ही चौघं आमच्या रूम पार्टनरच्या गावी, सेमाडोहला गेलो होतो. परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एस.टी. घाट चढून मेळघाटात शिरली की मोबाईलची रेंज जाते, आणि मग नाइलाजाने माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो. रस्त्यात तीन ठिकाणी बायकांनी गाणी म्हणत गाडी अडवली. कोरकू लोकांमध्ये होळीनंतरचे काही दिवस असा फगवा मागतात. ड्रायव्हरकाका सवयीचे होते, त्यांनी सुटे पैसे वेगळे काढूनच ठेवले होते. रात्री गावात ढोल आणि बासरी सुरू झाली. एका बाजूला बायकांची रांग, दुसऱ्या बाजूला वाजवणारे पुरुष. या नाचाला गादली-सुसून म्हणतात. आम्ही आधी लाजत कडेला उभे होतो, नंतर पाय चुकवत का होईना घुसलो. सिपना नदीच्या पलीकडे नुसतं काळं जंगल, आणि ढोलाचा आवाज तिथून परत येत होता.

मध्येच दम खायला बसलो तेव्हा मी जरा शायनिंग मारली. म्हटलं, मुंबईला एक ब्लू फ्रॉग नावाचा क्लब होता, तिथे रोज रात्री असंच लाइव्ह वाजायचं, कुणीही न ऐकलेलं नवीन-नवीन म्युझिक. माझा मावसभाऊ जायचा. पण तो क्लब २०१६ साली बंद झाला.

रूम पार्टनर म्हणाला, "बंद झाला म्हंजे काय बे? गानं बंद झालं का?"

म्हटलं, गाणं नाही, जागा बंद झाली.

"मंग दुसऱ्या जागी वाजवा नं. गान्याले जागा काह्याले लागते?"

शेजारी त्याचे आजोबा ढोल शेकत बसले होते. ते नुसते हसले. मला मात्र उत्तर देता आलं नाही. येताना सेमाडोहची रबडी आणि हा प्रश्न, दोन्ही सोबत आणले. रबडी परतवाड्यापर्यंतच पुरली. प्रश्नाने मात्र अर्धी पी.एल. खाल्ली, आणि त्याचा पुरावा म्हणजे हा लेख. (निकाल लागल्यावर दुसराही पुरावा मिळेल.)

तर आधी ब्लू फ्रॉग म्हणजे काय ते सांगतो. मुंबईत लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर मथुरादास मिल्स कंपाउंड आहे. या कंपाउंडमधल्या एका जुन्या शेडमध्ये डिसेंबर २००७ मध्ये हा क्लब सुरू झाला. सुरू करणारे कुणी हॉटेलवाले नव्हते. ध्रुव घाणेकर आणि आशुतोष फाटक हे दोघे संगीतकार, महेश मथाई हे 'भोपाळ एक्स्प्रेस'चे दिग्दर्शक, आणि निर्मात्या श्रीला चटर्जी. सोबत रेकॉर्डिंग स्टुडिओही होते. आतलं डिझाइन सेरी आर्किटेक्ट्स या फर्मचं, म्हणजे क्रिस ली आणि कपिल गुप्ता यांचं. बसायला टेबल-खुर्च्यांच्या रांगा नाहीत, तर लहान-मोठ्या व्यासाचे गोल कप्पे, स्टेजपासून मागे पायरीपायरीने उंच होत गेलेले. फोटो बघितला तर वाटतं कुणीतरी गोल डब्यांचं झाकण काढून ते उतारावर मांडलेत. पण त्यामागचं डोकं साधं आहे: मागे जेवत बसलेल्यालाही स्टेज दिसलं पाहिजे. बाकीच्या पबमध्ये बँड कोपऱ्यात वाजवतो आणि लोक पाठ करून बसतात. इथे म्युझिक मध्यभागी होतं. पेंटाग्रामसारखे रॉक बँड, जॅझवाले, इलेक्ट्रॉनिकावाले, तबला आणि लॅपटॉप एकत्र घेऊन बसणारे, सगळे तिथे वाजवून गेले.

'एक्सपेरिमेंटल'ला मराठीत 'प्रायोगिक' म्हणतात हे मला (कॉन्व्हेंटची कृपा!) खूप उशिरा कळलं, तेही प्रायोगिक रंगभूमीमुळे. तिथेही गोष्ट जागेचीच होती. आविष्कार या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं केली आणि पुढे त्या सगळ्या चळवळीलाच लोक 'छबिलदास' म्हणायला लागले. एका शाळेच्या हॉलचं नाव नाटकांच्या प्रकाराला पडतं यावरून जागेचं महत्त्व कळावं.

आता रूम पार्टनरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. सेमाडोहला होळीच्या रात्री वाजवणारे कोण आणि ऐकणारे कोण? तेच ते. सगळं गाव. गाणं सगळ्यांना पाठ आहे, होळी कधी ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे बोलावणं नको, तिकीट नको, हॉल नको. पण ज्या म्युझिकला अजून कुणी ओळखतच नाही, त्याला ऐकणारे किती? समजा हजारात एक. सेमाडोहमध्ये मग एकही सापडणार नाही. अमरावतीत काहीशे असतील, पण विखुरलेले, एकमेकांना न ओळखणारे. मुंबईत मात्र हजारात एक धरला तरी दहा हजारांच्या वर जातात. त्यातले साठ जण जरी बुधवारी रात्री एका खोलीत आले तरी वाजवणाऱ्याचं भागतं. म्हणजे अशा म्युझिकला दोन गोष्टी एकदम लागतात: मोठं शहर, आणि त्या शहराच्या मध्यावर ट्रेनने पोचता येईल अशी, पण स्वस्त जागा. आता मोठ्या शहराच्या मध्यावर स्वस्त जागा कधी मिळते? काहीतरी मोडून पडलेलं असतं तेव्हाच.

लोअर परळला काय मोडलं होतं हे आपल्या आई-वडिलांच्या पिढीला सांगायची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बहुसंख्य पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. परळ, लालबाग, भायखळा या पट्ट्याला गिरणगाव म्हणत. नावातच गाव आहे, कारण राहणारे गावाकडचेच होते. कोकणातले, घाटावरचे, बरेचसे एकटे, कुटुंब गावी ठेवून खोलीत दाटीने राहणारे. आणि हा पट्टा मुका नव्हता. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ साली निघालं ते याच कामगारांसमोर गायला. चाळीचाळींत भजनी मंडळं होती. आणि तमाशाची थिएटरं होती.

त्यातलं एक हनुमान थिएटर, नेराळे कुटुंबाचं. लालबाग-परळच्या गिरण्यांमधली पाळी सुटली की कामगार इथे येत. गावाकडचे मोठमोठे फड इथे मुक्कामाला असत. विचार करा, ब्लू फ्रॉगच्या किती तरी आधी, त्याच भागात, रोज रात्री तिकीट लावून लाइव्ह म्युझिक चालत होतं! ढोलकी होती, पेटी होती, आणि पब्लिक एवढं चोखंदळ की आवडलं नाही तर लगेच कळवायचं. मधुकर नेराळे यांनी ते थिएटर संपानंतरही बराच काळ चालवलं. पण पगारच बंद झालेला माणूस तिकीट कशाने काढणार? हळूहळू कामगार गावी परतले, कुणी उपनगरात गेले, आणि नव्वदच्या दशकात तिथले तमाशाचे खेळ थांबले.

मला वाचताना आधी वाटलं होतं की हनुमान थिएटर आणि ब्लू फ्रॉग ही एकच गोष्ट दोनदा घडली. तसं नाही. हनुमान थिएटरचे ऐकणारे गेले म्हणून ते बंद पडलं. ब्लू फ्रॉग बंद होताना ऐकणारे होते. शेवटच्या आठवड्यांत तर जुने-नवे सगळे बँड आणि गर्दी लोटली होती असं मावसभाऊ सांगतो. एक जागा वस्ती रिकामी होताना मेली, दुसरी तीच वस्ती पुन्हा भरून झाल्यावर. या दोन्हींच्या मधला जो काळ, वस्ती रिकामी झालेली आहे पण अजून महाग झालेली नाही, तोच अशा क्लबच्या जगण्याचा काळ. त्या फटीत जन्मायचं आणि फट मिटायच्या आत जेवढं वाजवता येईल तेवढं वाजवायचं.

ही फट कशी मिटली तेही पाहण्यासारखं आहे, कारण ते काही आपोआप झालं नाही. मुंबईतल्या गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेली मालकाला. ऐकायला छान आहे. पण मालकांना दोन तृतीयांश सोडायची घाई नव्हती, म्हणून दहा वर्षं बऱ्याच गिरण्या कुलूपबंदच राहिल्या. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त त्या जमिनीची, जिच्यावर आधीपासून काही बांधकाम नाही. गिरणीच्या आवारात बांधकाम नसलेली जमीन असते किती? त्यामुळे शहराच्या वाट्याचा तुकडा एकदम लहान झाला. प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मालकांच्या विरोधात निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तारखा जुळवून बघा. मार्च २००६ ला रस्ता मोकळा झाला, डिसेंबर २००७ ला ब्लू फ्रॉग उघडला. म्हणजे फट मिटायला सुरुवात झाल्यावर हा क्लब तिच्यात शिरला. आजूबाजूला मॉल, ऑफिसं, काचेचे टॉवर उभे राहत होते आणि मधल्या शेडमध्ये सॅक्सोफोन वाजत होता.

वस्ती अशी महाग होत जाते आणि आधीचे लोक बाहेर पडतात, याला इंग्रजीत जेंट्रिफिकेशन म्हणतात. यातली खरी गोची अशी की क्लब स्वतःही त्याला हातभार लावतो. रात्री नऊनंतर जिथे कुत्रं फिरकत नव्हतं तिथे लोक टॅक्सी करून यायला लागतात, पेपरात नाव छापून येतं, एरियाला 'हॅपनिंग' म्हणायला लागतात. मग शेजारच्या शेडचा मालक भाडं वाढवतो. मग आपलाही वाढवतो. पैसा येतो तो टॉवरमुळेच, क्लबमुळे नाही, हे मला मान्य आहे. पण टॉवर विकणाऱ्याच्या ब्रोशरमध्ये "नाइटलाइफ" हा शब्द फुकट कुणी पुरवला?

भाड्याचं गणित आपण कॅन्टीनच्या टेबलावर करू शकतो. पुढचे आकडे मी धरलेले आहेत, ब्लू फ्रॉगचे नाहीत. जागा ५,००० चौरस फूट, भाडं महिना ५० रुपये फूट. म्हणजे अडीच लाख महिना, रात्रीला साधारण ८,३०० रुपये. बुधवारी अनोळखी बँडला ६० जण आले, तिकीट ३००. गल्ला १८,०००. अर्धे बँडला दिले, उरले ९,०००. भाडं जाऊन सातशे रुपये हातात. वेटर, लाइट बिल, साउंडवाला हे सगळं खाण्यापिण्याच्या बिलातून काढायचं. ओढाताण आहे, पण चालतं. आता भाडं २०० रुपये फूट करा. रात्रीला ३३,३०० रुपये! त्याच साठ माणसांत २४,००० चा खड्डा. मालक काय करणार? प्रत्येक माणसाकडून ७०० रुपये तिकीट घ्यावं तर साठाचे वीस होतील. म्हणून तो बुधवारचा बँड काढून डी.जे. लावतो. मग गुरुवारी. मग शनिवारी फक्त ज्यांची गाणी सगळ्यांना पाठ आहेत तेच बँड.

म्हणजे जागा बंद व्हायच्या आधीच त्यातला प्रयोग बंद होतो, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पाटी तीच असते. मग एक दिवस दुसरा कुणी साधा पबवाला येतो. त्याला स्टेज नको, साउंड इंजिनिअर नको, त्याच जागेत तो दीडपट टेबलं मांडतो आणि जास्त भाडं देतो. तुम्हीही पबच झालेला असाल तर मालकाने तुम्हालाच का ठेवावं? ब्लू फ्रॉगने ऑगस्ट २०१६ मध्ये मथुरादास मिल्समधला गाशा गुंडाळला. नऊ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

इथवर इकॉनॉमिक्स झालं. पण आपण इंजिनिअरिंगवाले, आवाजाबद्दल न बोलता कसं चालेल? (ज्यांची अ‍ॅकॉस्टिक्समध्ये के.टी. आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद जरूर वाचावेत.)

गिरणीची शेड म्युझिकला बरी पडते याची कारणं आहेत. भिंती जाड, खांब लांब-लांब, छत उंच. ते छत करवतीच्या दात्यांसारखं असतं, काचा उत्तरेकडे, म्हणजे विणकाऱ्याला दिवसभर सारखा उजेड मिळावा आणि ऊन आत येऊ नये. भिंतीतून आवाज किती अडतो हे तिच्या वजनावर ठरतं. वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतो. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली नऊ इंची विटेची भिंत धोपटपणे ५० डेसिबल अडवते. आत बँड १०० डेसिबलला वाजतोय, तर बाहेर ५०. वाईट नाही. पण हा नियम फ्रीक्वेन्सीलाही लागू आहे: फ्रीक्वेन्सी निम्मी केली की अडवणं ६ डेसिबलने कमी होतं. बेस गिटारच्या ५० हर्ट्झला तीच भिंत खूप कमी अडवते, कारण तिथे लाटेची लांबीच जवळपास सात मीटर असते. म्हणून वरात लांब असते तेव्हा गाणं कळत नाही, नुसती धडधड कळते. आणि पत्र्याचं छत तर वजनाने हलकंच. भिंत कितीही जाड असली तरी आवाज वरून निघून जातो. उपाय म्हणजे खोलीच्या आत दुसरी खोली बांधायची, दोन्हीत कुठेही पक्का जोड ठेवायचा नाही. तो खर्च कोण करतं? ज्याला पुढची पंधरा वर्षं तिथेच राहायची खात्री आहे तो.

आता कायदा बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे औद्योगिक भागात रात्री ७० डेसिबलची मुभा आहे, व्यापारी भागात ५५, निवासी भागात ४५, आणि हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत, शांतता क्षेत्रात, ४०. गिरणीच्या भागात जो आवाज कायद्यात बसत होता तोच शेजारी टॉवर होऊन भाग निवासी धरला गेला की गुन्हा ठरतो. क्लबने व्हॉल्यूमचं बटण हललेलंसुद्धा नसतं! ब्लू फ्रॉगबाबत मुख्य दुखणं हे नव्हतं. पण मुंबईतल्याच रंग भवनचं होतं. धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजजवळ हे खुलं नाट्यगृह. १९७८ साली पहिली जॅझ यात्रा तिथे झाली, इंडिपेन्डन्स रॉक तिथेच वाढला. एका बाजूला कॉलेज, जवळच कामा हॉस्पिटल. शांतता क्षेत्राचा नियम कडक झाला आणि २००३ च्या सुमारास तिथलं रॉक-जॅझ थांबलं. इथे कुणी टॉवर बांधला नव्हता आणि पेशंटला झोप लागली पाहिजे हेही खरंच. मी स्वतः त्या पेशंटच्या बाजूने आहे. अडचण एवढीच की एक जागा घेताना तिच्या बदल्यात दुसरी कुठली हा प्रश्न कुणी विचारला नाही.

असंच दुसरीकडेही झालंय. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात नॉर्फोक स्ट्रीटवर टॉनिक नावाचा क्लब होता. १९९८ मध्ये एका जुन्या वाइन कारखान्यात सुरू झाला. तळघरात वाइनची अवाढव्य पिंपं तशीच होती, त्यात लोक बसायचे. शुद्ध प्रायोगिक म्युझिक, जॉन झॉर्नसारखे लोक. २००५ मध्ये पैसे संपत आले तेव्हा वादकांनीच कार्यक्रम करून निधी जमवला. तरी १३ एप्रिल २००७ ला तो बंद झाला. दुसऱ्या दिवशी गिटारिस्ट मार्क रिबो आणि रिबेका मूर रिकाम्या क्लबमध्ये वाजवत राहिले, थांबायला नकार दिला, आणि पोलिसांनी त्यांना अटक केली. क्लबला अगदी खेटून तेव्हा निळ्या काचेचा एक उंच टॉवर उभा राहत होता. त्याचं नावच 'ब्लू'. त्याच वर्षी डिसेंबरला इकडे लोअर परळला ब्लू फ्रॉग उघडला. योगायोग आहे, पण मला झोप लागली नाही त्या रात्री.

यावर काहीच करता येत नाही असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजनाच्या नियमांत एक साधं तत्त्व घातलं: जो नंतर आला, त्याने आवाज अडवायचा. क्लब आधीपासून असेल आणि शेजारी तुम्ही फ्लॅट बांधत असाल तर डबल काचा बसवायचा खर्च बिल्डरचा. उलट फ्लॅट आधीपासून असतील आणि क्लब नवा असेल तर खर्च क्लबचा. यात कुणीच वाईट ठरत नाही. भाड्यावर मात्र याचा काही इलाज नाही. टॉनिकला काचांनी वाचवलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, अमरावतीत बसून हा लोअर परळची काळजी कशाला करतोय? तर एक स्थानिक बातमी. वर्कशॉपच्या मागची फाउंड्रीची शेड सगळ्यांना माहीत आहे. सिलॅबस बदलल्यापासून तिथे मोल्डिंग होत नाही. काळी वाळू तशीच पडून होती. तीन वर्षांपूर्वी आमच्या सीनिअर्सनी ती वाळू उपसली, भिंतींना चुना मारला, जुन्या गाद्या ठोकल्या, ड्रमकिट आणलं. कुणी गझल करतं, कुणी मेटल, आणि गेल्या सेमपासून आमचा रूम पार्टनर ढोल घेऊन बसतो. त्याच्यासोबत एक जण ऑसिलेटरचं सर्किट वाजवतो (हो, वाजवतो, प्रॅक्टिकलचंच सर्किट). ऐकायला सरासरी अकरा माणसं. पण मागच्या गॅदरिंगला पाहुण्यांना तीच शेड दाखवली गेली, फोटो निघाले, आणि आता जुलैपासून तिथे इनक्युबेशन सेंटर होणार अशी नोटीस लागली आहे. सेंटर व्हावं, आमचेच मित्र त्यात बसणार आहेत. पण वाळू होती तोवर ती जागा कुणालाच दिसली नव्हती हेही नोंदवून ठेवतो.

त्यामुळे आम्ही तक्रार केली नाही, मोजमाप केलं. शेड हॉस्टेलच्या भिंतीपासून चाळीस मीटरवर आहे. रात्री साडेनऊला फोनच्या अ‍ॅपवर हॉस्टेलच्या बाजूला ५८ डेसिबल येतात. अ‍ॅप काही कॅलिब्रेटेड मीटर नव्हे, पण रेक्टर सर रागावतात ते बरोबरच आहे. कॅम्पसच्या टोकाला जुनं पंप हाउस आहे, १६० मीटरवर. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे चौपटीला १२. हिशेब ४६ वर येतो. वर पत्र्याखाली फॉल्स सीलिंग आणि दाराला रबरी पट्टी लावली तर ४५ च्या खाली नेता येईल, आणि साडेनऊला बंद करायची आमची तयारी आहे. सामानाची यादी आणि खर्च जोडून अर्ज दिला आहे. सिव्हिलच्या सरांनी पंप हाउसची भिंत ठोकून बघितली आणि "बघू" म्हणाले. त्यावर अजून एक सही व्हायची आहे.

तोवर ड्रमकिट सुटं करून आमच्या रूममध्ये आणलंय. बेस ड्रम माझ्या कॉटखाली बसला, स्नेअर कपाटावर, आणि सिंबल खिडकीत, त्यावर सध्या टॉवेल वाळतात. ढोल ठेवायला जागाच उरली नाही. रूम पार्टनर तो परत सेमाडोहला घेऊन जायचं म्हणतोय, शनिवारच्या एस.टी.ने.